गॉलच्या किल्ल्यातील जुने घर: आधी पाणी, मग भिंत

पुण्यातील वाड्यांच्या दुरुस्तीत काही वर्षे काढलेल्या एका तरुण वास्तुविशारदाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. श्रीलंकेतील गॉलच्या किल्ल्यात, लेन बान रस्त्यालगतच्या एका डचकालीन घराचे काम त्यांच्याकडे आले आहे. मालकाला तेथे पाच खोल्यांचे अतिथिगृह करायचे आहे. गेल्या चार वर्षांत भिंतींना तीनदा सिमेंटचा गिलावा आणि रंग झाला, तरी दर वेळी कमरेच्या उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खाली पांढरी भुकटी साठते. जलरोधक रसायन कोणते वापरावे, वातानुकूलन कोठे बसवावे आणि मधल्या चौकात पोहण्यासाठी लहानसा हौद करता येईल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

रसायनाचे नाव मी सांगणार नाही, कारण ते या भिंतीला लावूच नये असे माझे मत आहे. तुम्ही भिंतीपासून सुरुवात केली आहे, आणि तुमच्या आधीच्या तिन्ही ठेकेदारांनीही तेच केले होते. या घराचे काम छपरापासून सुरू होते, तेथून चौकात उतरते, चौकातून गटारात जाते, आणि हे सगळे नीट झाल्यावर एक संपूर्ण पावसाळा गेला की मग भिंतीपाशी येते. मालकाला हा क्रम आवडणार नाही, कारण पहिल्या वर्षी पाहुण्यांना दाखवण्यासारखे त्यात काहीच नसते.

गॉल आपल्याकडे बहुतेकांना क्रिकेटच्या प्रक्षेपणातून माहीत असते. मैदानाच्या मागे जी तटबंदी आणि घड्याळाचा मनोरा दिसतो, तो हा किल्ला. पोर्तुगीजांनी येथे तटबंदीला सुरुवात केली, 1640 मध्ये डचांनी ठाणे घेतले आणि आज दिसणारा बहुतांश तट व रस्त्यांची आखणी त्यांची आहे. 1796 मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले. बंदराकडच्या जुन्या दरवाजातून जाताना बाहेरच्या बाजूला ब्रिटिश राजचिन्ह आणि आतल्या बाजूला डच कंपनीचे चिन्ह व 1669 हे वर्ष कोरलेले दिसते. गाड्या जातात तो मोठा दरवाजा इंग्रजांनी 1873 मध्ये तट फोडून नव्याने काढला. 1988 पासून हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत शेजारच्या मैदानाची दुर्दशा झाली, ते पुन्हा कसोटीसाठी तयार व्हायला 2007 चा डिसेंबर उजाडला. तटाच्या आतील घरे मात्र बरीचशी वाचली. तट लाटेला अडवतो, पण खाऱ्या वाऱ्याला अडवत नाही, आणि तुमचे भांडण त्या वाऱ्याशी आहे.

आपल्याकडे वसई आणि रेवदंडा ही अशीच समुद्राकाठची तटबंद पोर्तुगीज नगरे होती. वसई 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, पुढे वस्ती उठली, छपरांचे लाकूड आणि कौले गेली, आणि आज तेथे चर्चच्या उघड्या भिंती उभ्या आहेत, राहते घर एकही नाही. गॉलला माणसे राहिली म्हणून घरे राहिली. किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मुस्लिम कुटुंबे आहेत, सिंहली कुटुंबे आहेत, आणि दर काही वर्षांनी छपराची कौले चाळून घेण्याचे बिनचेहऱ्याचे काम त्यांनीच केले आहे. अतिथिगृहे वाढली तशी ही कुटुंबे कमी होत चालली आहेत. तुमचे काम त्याच प्रवाहातले आहे, हे मनात असू द्या.

आता घर पाहू. रस्त्याकडे खांबांची ओसरी, तिला डच भाषेत स्टूप आणि सिंहलीत त्यावरूनच इस्तोप्पुव म्हणतात. मग उंच दाराची मोठी बैठक, तिच्या मागे मधला चौक, ज्याला तेथे मैद मिदुल म्हणतात, आणि चौकाच्या एका अंगाने मागे जाणारी खोल्यांची लांब रांग. खिडकीला सिंहलीत जनेलय म्हणतात, आणि गोव्यात जनेल म्हणणाऱ्या माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. भिंती साधारण दोन फूट जाडीच्या. त्यांत समुद्रातून काढलेल्या प्रवाळाचे ओबडधोबड तुकडे आणि कबोक असतो. हा कबोक म्हणजे आपला जांभा. खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येणारा आणि उन्हावाऱ्यात टणक होणारा. सगळे बांधकाम चुन्यात आहे आणि तो चुनाही बहुधा प्रवाळ भाजूनच केलेला आहे.

येथे एक गोष्ट पुण्याच्या वाड्याहून वेगळी आहे. वाड्याच्या भिंतीत ओल जमिनीतून येते आणि जमिनीतले क्षार वर आणते. गॉलच्या भिंतीत मीठ जन्मापासूनच आहे, कारण प्रवाळ समुद्रातून आला तेव्हा पुरेसा धुतला गेला नव्हता, आणि त्यावर साडेतीनशे वर्षे खारा वारा वाहतो आहे. हे मीठ कधीच पूर्ण निघणार नाही. ते कोठे आणि कधी बाहेर पडावे, एवढेच आपण ठरवू शकतो.

साध्या मिठाचा एक गुण या सगळ्याच्या मुळाशी आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर असली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते; त्याखाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. पावसाळ्यात उघड्या डबीतले मीठ पाझरते, तेच हे. गॉलची हवा वर्षातील बराच काळ या रेषेच्या वर असते, त्यामुळे चुन्याच्या भिंतीतले मीठ बहुतेक वेळ विरघळलेलेच राहते आणि थोडेथोडे पृष्ठभागावर येऊन चुन्याच्या सफेदीबरोबर झडते. दर वर्षी सफेदी करण्याची जुनी पद्धत शोभेपुरती नव्हती. झडणारा थर झडू द्यायचा आणि नवा लावायचा, अशी ती व्यवस्था होती.

त्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. ते सिमेंटच्या मागे साचते, वर सरकते, आणि गिलाव्याच्या वरच्या कडेला किंवा तड्यातून बाहेर येते. पूर्वी गुडघ्यापर्यंत असलेली ओल सिमेंटनंतर कमरेपर्यंत का आली, याचे उत्तर एवढेच आहे. चौथ्या खेपेला सिमेंट डोक्याच्या उंचीपर्यंत नेले असते, तर ओलही तेथवर गेली असती. शिवाय सिमेंटमध्ये स्वतःचे क्षार असतात, ते भिंतीतल्या मिठात भर घालतात.

एका घरात मी असा गिलावा काढला तेव्हाचे सांगतो. बाहेरून भिंत गुळगुळीत, फिकट पिवळ्या रंगाची, वाजवली की पोकळ आवाज देणारी. छिन्नी तिरपी धरून कडेला सारली तर हातभर रुंदीचा पत्रा अख्खा सुटून आला. त्याच्या पाठीवर बोटभर जाडीची मिठाची रवाळ लव होती, आणि मागचा चुना मुठीत धरला तर ओल्या रांगोळीसारखा सांडत होता. प्रवाळाचे दगड शाबूत होते; त्यांच्यामधल्या दर्जा, म्हणजे चुन्याने भरलेल्या सांध्यांच्या फटी, तेवढ्या रिकाम्या झाल्या होत्या. तेथे गवंड्याला आणि सुताराला ‘बास’ म्हणतात, हा शब्दही डचच. आमच्या म्हाताऱ्या बासने ती लव बोटाने जिभेला लावली, थुंकला, आणि काही न बोलता पुढची छिन्नी उचलली.

आता वातानुकूलनाचा प्रश्न, ज्याला तुम्ही दुसरे स्थान दिले आहे आणि मी पहिले देईन. वातानुकूलित खोलीत आर्द्रता 50-60 टक्क्यांवर येते. म्हणजे पाहुणा संध्याकाळी यंत्र लावतो तेव्हा भिंतीच्या आतल्या अंगाला मिठाचे स्फटिक होतात, आणि सकाळी यंत्र बंद करून दारे उघडली की ते पुन्हा विरघळतात. बाहेरच्या हवेत ही रेषा वर्षातून काही वेळा ओलांडली जात असेल, तर अतिथिगृहाच्या खोलीत ती रोज ओलांडली जाते. स्फटिक होताना ते छिद्रांच्या भिंतींवर दाब टाकतात आणि चुना आतून भरडला जातो. किल्ल्यातील सर्वांत वाईट भिंती मला पडक्या घरांत दिसल्या नाहीत. नुकत्याच नूतनीकरण केलेल्या, थंडगार, उत्तम दिवे असलेल्या खोल्यांत दिसल्या.

त्यामुळे माझा सल्ला असा की, वातानुकूलन मागच्या रांगेतील खोल्यांपुरते ठेवावे, आणि तेथेही मूळ भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून लाकडी चौकटीवर हलकी आतली भिंत उभी करावी, जिच्या वर आणि खाली बाहेरच्या हवेला वाट ठेवलेली असेल. बैठक आणि ओसरी मोकळ्या हवेवरच चालू द्या. उंच छप्पर, चौकातून वर जाणारी गरम हवा आणि दारांवरच्या कोरीव जाळ्या यांनी ती बैठक दुपारीही सुसह्य राहते. या जाळ्या काचेने बंद करण्याचा आग्रह मालक धरेल. तेथे मात्र अडून बसा.

छपराकडे येतो. जुन्या घरांवर नळीची कौले असतात, आणि इंग्रजांच्या काळात दुरुस्त झालेल्यांवर चपटी कौले, ज्यांना श्रीलंकेत कालिकत कौले म्हणतात आणि आपण मंगळुरी म्हणतो. दोन्ही प्रकार एकाच घरावर सापडले तर सगळे बदलून एकसारखे करण्याच्या फंदात पडू नका. तो घराचा इतिहास आहे आणि दोन्ही चालतात. एकेक पाखे उतरवा, प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा, खणखणीत वाजेल ते ठेवा. फुटलेल्यांच्या जागी दुसऱ्या जुन्या घराची कौले मिळाली तर ती मागच्या पाख्यावर वापरा आणि स्वतःची चांगली कौले रस्त्याकडच्या पाख्यावर आणा. कौलाखाली प्लॅस्टिकचा कागद पसरू नका. त्याने गळती थांबते हे खरे, पण लाकडाखालची हवा कोंडते आणि वासे वरून कुजू लागतात, जेथे ते कोणालाच दिसत नाही.

वासे आणि तुळया बहुधा फणसाच्या, सागाच्या किंवा तेथील बुरुत लाकडाच्या असतील. भिंतीत घुसलेले टोक कुजले म्हणून पूर्ण तुळई बदलण्याची गरज नसते. कुजका भाग कापून त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडावा, आणि टोकाभोवती भिंतीत बोटभर मोकळी जागा ठेवावी म्हणजे लाकडाला चुन्याची ओल लागत नाही. जोडाला बोल्ट लागले तर 316 प्रतीच्या, न गंजणाऱ्या पोलादाचे (स्टेनलेस स्टीलचे) घ्या. साधे लोखंड या हवेत गंजून फुगते आणि ज्या दगडाला धरून ठेवायचे त्यालाच फोडते. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा घालण्याचा सल्ला देणारा अभियंता भेटेलच. त्या पट्ट्यातील सळ्यांचेही वीस-पंचवीस वर्षांत हेच होते.

चौक आणि गटार हा मला सर्वांत जिव्हाळ्याचा विषय आहे. डचांनी किल्ल्याखाली विटांची गटारे बांधली आणि भरती-ओहोटीच्या पाण्याने ती धुतली जावीत अशी योजना केली. गॉलला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चारी पाख्यांचे पाणी चौकात उतरते, आणि चौक म्हणजे या घराचा पन्हळ आहे. चौकाची मूळ फरशी दगडाची, दर्जा चुन्याच्या, आणि तिची पातळी खोल्यांच्या जोत्यापेक्षा चांगली खाली असते. पुढे कोणीतरी त्यावर चकचकीत फरशी बसवतो, पातळी चार बोटे वर येते, दुसरा त्यावर आणखी एक थर देतो, आणि शेवटी चौकातले पाणी गटाराऐवजी भिंतीच्या पायाकडे पाहू लागते. तुमच्या चौकात किती थर आहेत हे एका कोपऱ्यात हातभर खड्डा घेऊन पाहा. मूळ फरशी सापडली तर तिच्यापर्यंत खाली जा.

हौदाचे उत्तर यातच आले. चौकात हौद खणणे म्हणजे घराचे गटार बुजवून तेथे पाणी साठवणे. त्यात पायालगतची माती ढिली होते, खाली पुरातत्त्वीय थर असतात ते वेगळेच, आणि बाजूच्या भिंतींना कायमची ओल मिळते. चौकात विहीर असेल तर ती उपसून साफ करा आणि वापरात ठेवा. एवढे पाणी चौकाला पुरे. वरचा मजला मालकाच्या मनात असेल तर तोही विषय आत्ताच संपवा. कोणत्याही बदलासाठी तुम्हाला पुरातत्त्व विभाग आणि 1994 च्या कायद्याने स्थापन झालेले गॉल हेरिटेज फाउंडेशन यांच्याकडे जावे लागेल. अर्ज करण्यापूर्वी मोजमापाचे नकाशे, प्रत्येक भिंतीचे छायाचित्र आणि काय काढणार याची यादी तयार ठेवा. कार्यालयातील माणसे अडवणूक करतात अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. माझा अनुभव असा की, काय काढणार हे स्वच्छ लिहिलेला अर्ज लवकर पुढे सरकतो, आणि ‘सुशोभीकरण’ असा शब्द असलेला मागे राहतो.

आता भिंत. सिमेंट काढायचे काम जानेवारी ते मार्च या कोरड्या महिन्यांत करा आणि ओलीच्या वरच्या रेषेच्या आणखी हातभर वर जा. विजेचा हातोडा आत येऊ देऊ नका. त्याच्या थरथराटाने दर्जांतला उरलेला चुना सांडतो. जेथे सिमेंट घट्ट चिकटले आहे आणि दगडासकट निघेल असे वाटते, तेथे ते तसेच सोडा. दर्जा खोल रिकाम्या असतील त्या चुन्याने भरून घ्या. मग भिंत उघडी ठेवा. उघड्या भिंतीला वाळायला दर इंच जाडीमागे सुमारे एक महिना लागतो, असा आमच्या व्यवसायातील जुना ठोकताळा आहे; दोन फुटांची भिंत म्हणजे दोन वर्षे. मालक दोन वर्षे थांबणार नाही हे मला माहीत आहे. निदान एक पावसाळा आणि त्यापुढचा कोरडा काळ एवढे मागून घ्या आणि तेवढ्यात छप्पर, लाकूड आणि गटार संपवा.

ओल मोजताना भिंतीला दोन सुया टोचून आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर विसंबू नका. मीठ विजेचे वाहक असल्याने ते कोरड्या भिंतीलाही ओली म्हणते. वेगवेगळ्या उंचीवर आणि खोलीवर छोटी छिद्रे घेऊन भुकटी काढा, तोला, भट्टीत वाळवा, पुन्हा तोला. काम कंटाळवाणे आहे आणि खरे उत्तर देते.

जेथे मीठ फारच आहे तेथे कागदाचा लगदा, चिकणमाती आणि स्वच्छ वाळू गोड्या पाण्यात कालवून दोन सेंटिमीटर जाडीचा लेप भिंतीवर थापा. वाळताना तो मीठ ओढून घेतो. गॉलच्या दमट हवेत त्याला तीन आठवडेही लागतात. काढलेला लेप घरापासून दूर टाका. एका ठिकाणी मजुरांनी तो चौकातच टाकला आणि पहिल्या सरीबरोबर सगळे मीठ पुन्हा पायात गेले.

नवा गिलावा चुन्याचाच. प्रवाळ खणण्यावर श्रीलंकेत कायद्याने बंदी आहे आणि ती योग्य आहे, त्यामुळे ‘अस्सल’ प्रवाळाचा चुना आणून देतो म्हणणाऱ्यास निरोप द्या. चुनखडीचा कळीचा चुना घ्या, तो विझवून निदान तीन महिने पाण्याखाली मुरू द्या, आणि एका भागास अडीच ते तीन भाग नदीची धुतलेली वाळू असे प्रमाण ठेवा. समुद्रकाठची वाळू स्वस्त मिळेल. ती घेतली तर वर लिहिलेले सगळे श्रम वाया. खालच्या हातभर पट्ट्यात थोडी सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी, घातलेली चालते. पुण्याच्या सवयीने गूळ, बेलफळ, हिरडा घालण्याचा मोह होईल. जुन्या गिलाव्याची तपासणी करून असे काही सापडले तरच विचार करा, वारसा म्हटले की गूळ, असे समीकरण बांधू नका. एका वेळी बोटभरापेक्षा कमी जाडीचा थर, दोन थरांत पुरेसे दिवस, आणि ओले गोणपाट समोर टांगून थर सावकाश वाळू द्यायचा. त्यावर चुन्याची पातळ सफेदी, पाच-सहा हात. प्लॅस्टिकचा रंग एकदाही नको.

मालकाला हे आधीच लेखी सांगा की हा गिलावा खालच्या भागात पाच-सात वर्षांनी पुन्हा झडेल आणि तेव्हा तो खरवडून नवा करायचा आहे. अंदाजपत्रकात तेवढ्यासाठी वेगळी रक्कम दाखवा. ही ओळ नसलेली कामे मी पाहिली आहेत. तेथे गिलावा झडल्यावर चुन्याला दोष देऊन पुन्हा सिमेंट बोलावले गेले.

हे सगळे सुरू करण्यापूर्वी, कोरड्या दिवशी, एक सोपी चाचणी करा. चौकातल्या गटाराचे झाकण उघडा, एका माणसाला रस्त्याच्या गटारापाशी रिकामी बादली देऊन बसवा आणि चौकात मोजून दहा बादल्या पाणी ओता. माझ्या एका कामात बाहेर जेमतेम तीन बादल्या आल्या. उरलेले पाणी बैठकीच्या मागच्या भिंतीखाली मुरत होते, आणि तीनदा रंगवलेली भिंत नेमकी तीच होती.